गोठ्यातला कॉम्प्युटर

आमच्याकडे जेवायला बसायचं तर आधी टेबलावरून एखादा कॉम्प्युटर उचलावा लागतो. मग त्याच्या स्क्रूंची वाटी उचलावी लागते, आणि ती वाटी चुकून आमटीच्या वाटीशेजारी राहिली की आमच्या ह्यांचा आवाज चढतो. "एक दिवस मी स्क्रू गिळणार आणि तू मलाच उघडून बघणार," असं ते म्हणतात. मी म्हणते, तुम्हाला उघडून उपयोग काय, तुमचे सुटे भाग मिळत नाहीत कुठे. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा संवाद गेली पाच-सहा वर्षं चालू आहे आणि दोघांचंही त्यात बरं चाललंय.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये नोकरी केली. मुलांनी जाळलेली मीटरं दुरुस्त करण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, आता भजनी मंडळात या. दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्यांचा माईक उघडून बसले, तेव्हापासून त्यांनीच बोलावणं बंद केलं. मग एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर मला एक जुना घरगुती कॉम्प्युटर दिसला आणि माझं ठरलं.

जुना म्हणजे आत्ताचा नव्हे हो. मी तरुण होते तेव्हा काही घरांत आलेले हे कॉम्प्युटर. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात. त्याला स्वतःचा पडदा नाही, घरचा टीव्ही जोडायचा. प्रोग्रॅम ठेवायचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर वायरीनं जोडायचा, प्ले दाबायचं आणि चार-पाच मिनिटं वाट बघायची. कॅसेटवर तो प्रोग्रॅम म्हणजे नुसती किंचाळी असते, पण कॉम्प्युटरला ती समजते. आमच्या लॅबमध्ये असा एक होता आणि त्याला हात लावायला मी सुट्टीच्या दिवशीही जात असे.

आता लोक माझ्याकडे पाठवतात. इकडची हवा खारी, त्यामुळे वसई-विरारच्या माळ्यांवरून जे येतं त्यातलं तांबं हिरवं पडलेलं असतं. मी आधी तो जसा होता तसा चालू करते. मग त्याला नवं बसवते. तापून लाल होणाऱ्या जुन्या भागाऐवजी थंड राहणारा छोटा भाग, कॅसेटऐवजी मेमरी कार्ड, आताच्या टीव्हीला चालेल अशी वायर. काही हौशी मंडळी यावर नाकं मुरडतात. म्हणतात, जुन्यात नवं घातलं की तो जुना राहत नाही. अहो, म्हातारीला नवा चष्मा दिला म्हणून ती काय दुसरी बाई होते? आणि एक सांगून ठेवते, 'हे होणार नाही' असं मी कोणाला सांगत नाही. हा काही गुण नव्हे, खोड आहे. तिच्यापायी गेल्या नाताळात काय झालं ते सांगायचंय.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी गिरीजहून एक अंकल आले. वसईत वयस्कर ख्रिस्ती माणसाला अंकल म्हणतात, तसं मीही म्हणते, जरी माझंच वय साठीपुढे आहे. हे ऐंशीच्या घरातले, कडक इस्त्रीचा शर्ट, कारखान्यात नकाशे काढण्याची नोकरी केलेले. बाजाराच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला कॉम्प्युटर आणि वर सुकेळीचा पुडा. राजेळी केळी वाळवून करतात ती सुकेळी; आमच्या ह्यांनी पुडा आधी ताब्यात घेतला आणि मग पाहुण्यांना बसायला सांगितलं.

"जळालाय," अंकल म्हणाले. "तीस वर्षं झाली. ऐन नाताळात जळाला. धूर निघाला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नाताळात घरोघरी येशूच्या जन्माचा देखावा करतात, त्याला इकडे गोठाच म्हणतात. माती, बांबू, पेंढा, आणि त्यात बाळ येशू. गावात गोठ्यांची स्पर्धा असते. अंकलच्या भावानं दुबईहून हा कॉम्प्युटर आणलेला, तेव्हा यांच्या डोक्यात आलं की गोठा टीव्हीवर करायचा. टीव्ही पेंढ्यात असा पुरायचा की नुसता पडदा दिसेल. पडद्यावर बाळ, मरिया, योसेफ, गाय, गाढव, वर लुकलुकणारा तारा, आणि पीं-पीं आवाजात नाताळचं गाणं. "चित्र हिचं, आकडे माझे," अंकल म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको, शाळेत शिवणकाम शिकवायची. तिनं काढलेल्या चित्रातला एकेक चौकोन मोजून यांनी आकड्यांत घातलेला. पहिल्या वर्षी पहिला नंबर आला. दुसऱ्या वर्षी परीक्षक म्हणाले, हा गोठा नव्हे, टीव्ही आहे. तरी आळीतली पोरंटोरं दरवर्षी दारात गर्दी करायची.

"आणि आता पुन्हा करायचाय?" मी विचारलं.

"मला नाही. मुलीला. कॅनडाहून येतेय, तिच्या मुलांना घेऊन. तिनं फोनवर हट्टच धरला, पपा, तो तारा मुलांना दाखवायचाच." मग अंकल जरा पुढे झुकले. "पण मॅडम, नाही झालं तर नाही म्हणून सांगा. अजिबात वाईट वाटणार नाही. जळालेलं यंत्र आहे, कशाला उगाच त्रास घेता?"

हे ते तीनदा म्हणाले. जिना उतरताना वळून चौथ्यांदा म्हणाले. माझं टाळकं सटकलं. कोणी माझ्याकडे वस्तू घेऊन येतो आणि वर मला नापास होण्याची मोकळीक देतो, हे मला कुठून चालायला! ते गेल्या गेल्या मी टेबल साफ करून स्क्रू काढायला घेतले.

आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. ते निघालं. हिरवा गंज निघाला. कीबोर्डखालची पातळ प्लास्टिकची पट्टी हात लावताच पापडासारखी मोडली, तिच्या जागी नवी मागवली. जुने वाळलेले कपॅसिटर बदलले. पण जळालेलं मात्र काहीच सापडेना. जळालेल्या बोर्डावर काळा डाग असतो, तीस वर्षांनीही वास जात नाही. माझी उभी हयात असल्या डागांत गेली. इथे डाग नाही, वास नाही, काही नाही. वयापलीकडे त्या यंत्राला कसलाही आजार नव्हता. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, धूर निघाला म्हणे, मग तो काय उदबत्तीचा होता?

आठव्या दिवशी टीव्हीच्या कोपऱ्यात छोटा काळा चौकोन लुकलुकायला लागला. म्हणजे यंत्र तयार आहे, सांगा काय करू, असं विचारतंय. हा क्षण मला फार आवडतो, अगदी खरं सांगते. कितीही वेळा बघितला तरी मी टाळी वाजवते. मागे मेमरी कार्डाचं खोकं जोडलं, नव्या टीव्हीची वायर बसवली आणि अंकलना फोन लावला.

"झाला?" ते म्हणाले. मग पुन्हा विचारलं, "चालतोय? अरे वा. वा. पण मॅडम, कॅसेट नाही ना. प्रोग्रॅमची कॅसेट हरवली बहुतेक. मी मुलीला तसं सांगतो."

मी फोन ठेवला आणि ह्यांच्यावर ओरडले. त्यांचा काही दोष नव्हता, पण घरात दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक ठेंगणी, गोरीपान म्हातारी, खांद्याला पर्स, कपाळावर घाम. "मी गिरीजहून आले. काल तुम्ही फोन केलात ना, त्यांची मिसेस." मी आत घेतलं, पाणी दिलं. पाणी पिताना त्यांची नजर टेबलावरच्या यंत्रावर. टीव्हीवर तो चौकोन लुकलुकत होता. पेला खाली ठेवून आंटी म्हणाल्या, "मॅडम, हा परत बिघडवता येईल का?"

मला आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. "बिघडवायचा?"

"हो. त्यांना सांगा की झाला होता पण परत गेला. तुमचा काय तो खर्च मी देते."

"आंटी," मी म्हटलं, "दुसरं काहीही सांगा. चालू यंत्र बिघडवणं माझ्या हातून या जन्मात होणार नाही."

तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पर्समधून त्यांनी एक कॅसेट काढून माझ्यासमोर ठेवली. हरवलेली कॅसेट ती हीच. आणि मग तीस वर्षांत कोणाला न सांगितलेलं त्यांनी मला, पहिल्याच भेटीत, सांगून टाकलं. कधी कधी परक्या माणसाला सांगणंच सोपं जातं.

त्या वर्षी त्यांची आई चार दिवस राहायला आलेली. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि सोलता सोलता लग्नातली जुनी गाणी म्हणायला लागली, त्यांच्या घरच्या बोलीतली. आंटींना वाटलं, ही गाणी धरून ठेवू. टेपरेकॉर्डर घेतला. आत एक कॅसेट होतीच. डबी नाही, वर काही लिहिलेलं नाही. प्ले दाबून बघितलं तर कर्कश्श किंचाळी. आंटींना वाटलं टेप खराब झाली, फुकट जाणार त्यापेक्षा यावर घेऊ. आणि त्यांनी रेकॉर्डचं बटण दाबलं.

"पण तुम्हाला तो आवाज माहीत नव्हता? दरवर्षी लावायचात की," मी म्हटलं.

"कुठून माहीत असणार? वायर खुपसली की टेपचा आवाज बंदच व्हायचा ना."

खरंच होतं. वायर लावली की टेपरेकॉर्डरचा स्पीकर मुका होतो, आवाज थेट यंत्रात जातो. दहा वर्षं त्या घरात प्रोग्रॅम वाजला आणि चित्र काढणारीनं तो एकदाही ऐकला नव्हता. आणि अंकलनी, नकाशे काढणाऱ्या माणसानं, नाव लिहिलं ते डबीवर. कॅसेट कोरी ठेवली. मी लॅबमध्ये पोरांना घसा फोडून सांगायची, डबीवर नको, कॅसेटवर लिहा!

"नाताळ आला," आंटी म्हणाल्या. "यांनी सगळं जोडलं आणि चित्र आलंच नाही. अर्धा-पाऊण तास खोलीत एकटेच खटपट करत होते. मग बाहेर येऊन म्हणाले, कॉम्प्युटर जळाला. मी त्यावर विश्वास ठेवला. पण कॉम्प्युटर माळ्यावर गेल्यावर मला त्या कोऱ्या कॅसेटची आठवण झाली आणि मी काय पुसलं ते लख्ख कळलं. पुढच्या वर्षी आई गेली. तिचा आवाज तेवढाच आहे, या कॅसेटवर. आता मी कुठल्या तोंडानं सांगू की तुमचा प्रोग्रॅम मी पुसला? इतकी वर्षं कॉम्प्युटर जळालाय म्हणून चाललं. आता हा चालू झाला की ते कॅसेट शोधणार, लावणार, आणि आतून माझी आई बोलणार."

मी माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. म्हातारीचा आवाज आला, जाडसर, ठाम, मागे शेंगा तडकल्याचे आवाज, एक कोंबडा. गाणं मला अर्धंच कळलं, पण मी आणि आमचे हे, दोघंही उभेच राहिलो. चौदा मिनिटं ती गात होती. मग खट् झालं आणि किंचाळी सुरू झाली. आंटींनी झटकन बटण दाबून टेप बंद केली, इतक्या सवयीनं की मला कळलं, त्या दर वेळी इथेच बंद करतात.

माझी मात्र आशा वाढली. त्या काळी सावध माणसं एकच प्रोग्रॅम कॅसेटवर पाठोपाठ दोन-तीनदा उतरवून ठेवत. अंकलनी तसंच केलं असणार. मी लॅपटॉप लावून तासभर बघितलं. खरंच तीनदा उतरवलेला. दोन तर आईखाली पूर्ण गेलेले आणि तिसऱ्याचं नुसतं शेपूट उरलेलं, अर्ध्या मिनिटाचं. तेवढ्यावरून चित्र काही येणार नव्हतं.

कॅसेट परत देताना आणखी एक दिसलं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या की त्यावर पुन्हा कोणाला रेकॉर्ड करता येत नाही. या कॅसेटच्या दोन्ही मोडलेल्या होत्या. मी विचारलं, या तुम्ही मोडल्यात का? आंटी म्हणाल्या, "कसल्या पट्ट्या?" मी म्हटलं जाऊ दे. आंटी रडवेल्या झालेल्या, त्यात हे कुठे काढत बसू!

"चित्र तुमचं होतं ना," मी म्हटलं. "ते कशावर काढलं होतं? कागद आहे?"

"कागद कशाला? कापडावर आहे. फुल्या-फुल्यांचं भरतकाम. ते बघूनच त्यांनी आकडे घेतले. दर नाताळला गोठ्याखाली अंथरते मी."

मी खुर्चीतून उठलेच. "आंटी! प्रोग्रॅम तुमच्या कपाटात आहे आणि तुम्ही मला यंत्र बिघडवायला सांगता?"

पुढचे तीन आठवडे आंटी एक दिवसाआड बोळिंजला आल्या. घरी सांगायच्या, नाताळच्या खरेदीला जाते. जाताना खरंच काहीतरी विकत घ्यायच्या, नाहीतर पिशवी रिकामी दिसली असती. टेबलावर ते कापड पसरायचं. लाल फुली म्हणजे एक, मोकळा चौकोन म्हणजे शून्य, अशा आठ-आठ घरांचा मिळून एक आकडा. आंटी पट्टी ठेवून वाचायच्या, "फुली, फुली, मोकळं, फुली..." मी लिहायचे. आमचे हे, जे स्क्रूंच्या वाटीवरून भांडतात, ते तिसऱ्या दिवशी आपणहून चष्मा लावून बसले आणि माझे आकडे तपासायला लागले. निघाल्या चुका, तर काय त्यांचा तो आनंद! दीड हजारावर आकडे झाले. वरून तारा, मग छप्पर, मग मरिया आणि योसेफ, बाळ, गाय, गाढव, आणि सगळ्यात शेवटी खालचा पेंढा. पेंढा भरताना आंटींनी किती कंटाळून फुल्या घातल्या होत्या ते कापडावर दिसत होतं.

मधल्या वेळात चहा व्हायचा. आंटी सांगायच्या की त्या गुपचूप आईची टेप ऐकतात, अंकल बाजारात गेले की. "पण टेप सैल झालीय बहुतेक," त्या म्हणायच्या. "मी सुरुवातीला आणून ठेवते आणि पुढच्या वेळी बघते तर भलतीकडेच असते." मी म्हटलं, कॅसेट आपोआप फिरत नाही हो. त्या म्हणाल्या, आमची फिरते.

चित्र पडद्यावर आलं त्या दिवशी आंटींनी टीव्हीलाच हात लावून बघितला. मी ताऱ्याला चांगला पिवळा रंग दिला, गाणं नीट सुरात बसवलं, आणि मेमरी कार्डावरून सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू व्हायचं. आता एकच काम राहिलं होतं, खोटं बोलायचं. आंटींनी घरी सांगायचं की कॅसेट सापडली, आणि मी सांगायचं की तिच्यावरून प्रोग्रॅम निघाला.

मला खोटं बोलता येत नाही. अंकल यंत्र न्यायला आले तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता स्क्रू आवळत म्हटलं, "कॅसेट मिळाली ते बरं झालं. सगळा प्रोग्रॅम निघाला तिच्यावरून."

"त्या कॅसेटवरून?" अंकल म्हणाले. "सगळा?"

"सगळा."

त्यांनी टॉवेल उलगडला. मग म्हणाले, "कमाल आहे मॅडम तुमची." आणि टॉवेलमध्ये यंत्र गुंडाळून घेऊन गेले. मला वाटलं, वाचलो.

नाताळच्या संध्याकाळी आम्ही दोघं गिरीजला गेलो. वाडीतून जायची वाट, दोन्ही बाजूंना केळी, घराच्या दारावर कागदाचा मोठा तारा. ओटीवर गोठा. पेंढ्यात नवा टीव्ही पुरलेला, खाली ते कापड अंथरलेलं. मुलगी दोन्ही मुलांना पुढे घेऊन बसलेली. अंकलनी बटण दाबलं. तारा लुकलुकला, गाणं सुरू झालं आणि मुलगी एकदम रडायलाच लागली. तिची पोरं तिच्याकडे बघायला लागली. "हेच," ती त्यांना सांगत होती, "मी लहान असताना अस्संच होतं."

मी आंटींकडे बघितलं. आंटी माझ्याकडे बघून हसल्या. तीन आठवड्यांचं सार्थक झालं, असं मला वाटलं. थोड्या वेळानं मुलगी पोरांना घेऊन गावातले बाकीचे गोठे बघायला गेली. ओटीवर आम्ही चौघंच उरलो. केक आला, करंज्या आल्या.

अंकल खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "गाढवाला दोन कान आहेत," ते म्हणाले.

"मग किती असतात?" मी म्हटलं.

"माझ्या गाढवाला एकच होता. एक आकडा टाकायला चुकलो होतो. आधी दिसलं नाही, आणि दिसल्यावर आळस केला. दहा वर्षं एका कानाचं गाढव दाखवलं. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही, पोरांच्या नाही, हिच्याही नाही."

मी हातातली करंजी बशीत परत ठेवली. आंटींनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. आमचे हे केकचा तुकडा घेऊन थेट अंगणात निघून गेले, वेळेला नेहमी जातात तसे.

"कापडावरून मोजलंत ना?" अंकल म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्या कॅसेटवरून काय निघणार? तिच्यावर तर सासूबाई आहेत."

आंटींनी तोंडावर हात ठेवला.

"त्या वर्षी चित्र येईना म्हणून मी वायर काढली," अंकल मला सांगत होते, पण ते आंटींसाठीच होतं. "आवाज आला तो सासूबाईंचा. दोन मिनिटं कळेचना काय करावं. मग बसून पूर्ण बाजू ऐकली. इतकं चांगलं गायल्या होत्या. हिला सांगितलं असतं की तू माझा प्रोग्रॅम पुसलास, तर हिनं ती टेप पुन्हा कधी सुखानं ऐकली असती का? म्हणून त्या दोन पट्ट्या मोडल्या, चुकून कोणी त्यावर काही घेऊ नये म्हणून. आणि बाहेर येऊन म्हटलं, कॉम्प्युटर जळाला."

"धूर निघाला होता म्हणालात मला!" मी म्हटलं.

"जळाला म्हटल्यावर धूर नको?" ते म्हणाले. "मी तर देवाला सांगत होतो, या बाईंना जमू नये. चार वेळा तुम्हाला सुचवलं. तुम्ही ऐकाल तर ना."

आणि आंटींचा जो काय भडका उडाला! घरच्या बोलीत सुरू झाल्या, मला अर्ध्याहून कमी कळलं, पण तीस वर्षं, तीस वर्षं, हे पुन्हा पुन्हा येत होतं. तीस वर्षं मला धाकात ठेवलंत, तीस वर्षं मी कन्फेशनला जाऊन हेच सांगते, फादर बदलले पण पाप तेच! अंकल मान खाली घालून करंजी खात होते आणि हसत होते. मग आंटी मध्येच थांबल्या. "टेप," त्या मराठीत म्हणाल्या. "ती भलतीकडेच असायची..."

"तू चर्चमध्ये मिस्साला गेलीस की ऐकायचो," अंकल म्हणाले. "परत मागे फिरवायला विसरायचो."

आता आंटींना रडू आलं आणि मलाही आलं, उगाच नाही म्हणत नाही. आपल्या हातून चालू झालेल्या यंत्राचं मला नेहमीच कौतुक वाटतं, पण त्या संध्याकाळी त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. अंकल आत जाऊन टेपरेकॉर्डर घेऊन आले. आंटींनी पर्समधून कॅसेट काढून दिली. टीव्हीचा आवाज बंद केला, तारा तसाच लुकलुकत राहिला, आणि त्या घरात दोघांनी पहिल्यांदा एकत्र बसून ती टेप लावली.

म्हातारी गायली. शेंगा तडकल्या, कोंबडा आरवला. आमचे हे अंगणातून परत येऊन उंबऱ्यावर बसले. मग खट् झालं, ती किंचाळी सुरू झाली आणि आंटींचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

"राहू दे," अंकल म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "हा पेंढा आहे. गाढवाच्या पायाखालचा."

आंटींनी हात मागे घेतला, आणि पेंढा संपेपर्यंत आम्ही चौघंही ऐकत बसलो.